आईचं छान झालंय

निरुपमा दिघेला बेचाळिसाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा तिची मुलगी मैथिली बारावीत होती. निरुपमा दांडिया बाजारजवळच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि तिचा नवरा सलील रिफायनरीत होता. स्तन काढला, केमो झाली, पंचवीस दिवस शेक झाला. रेडिएशनला बडोद्यात सगळे शेकच म्हणतात, आणि निरुपमाला तो शब्द बरा वाटायचा. कंबर दुखली की घ्यावा तसा काहीतरी साधा. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही मोकळ्या.

त्यानंतर काढलेल्या स्तनाच्या जागी इम्प्लांट बसवण्याचा विषय तिनं स्वतःच काढला. फळ्याकडून मुलांकडे वळताना तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. ब्राच्या आत घातलेलं कापसाचं पॅड उन्हाळ्यात भिजायचं, सरकायचं, आणि मग तास संपेपर्यंत ती एका अंगाने उभी राहून शिकवायची. सासूबाई म्हणाल्या, "जीव वाचला ना? मग परत चिरफाड कशाला?" सलीलला काय बोलावं ते कळेना. "मला तू अशीही चालतेस," तो म्हणाला. त्यातल्या 'चालतेस' या शब्दाने तिला दोन दिवस रडू येत राहिलं. शेवटी घरच्यांच्या मनाविरुद्ध ती एकटीच प्लास्टिक सर्जनकडे गेली आणि एकटीनंच सह्या केल्या. सर्जन वयस्कर होते, बोलायला गोड. शेक घेतलेली कातडी थोडी आखडते, म्हणाले, पण मालिश करत राहा, मऊ होईल.

पहिली दोन वर्षं खरंच छान गेली. पुतण्याच्या लग्नात ती मोतिया रंगाची चंदेरी नेसली होती. संध्याकाळी घरी येऊन पिना काढताना तिच्या लक्षात आलं की आज दिवसभर तो विषय मनात आलाच नव्हता. एवढ्या एका दिवसासाठीसुद्धा तिनं ते ऑपरेशन पुन्हा करून घेतलं असतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात डावी बाजू कडक व्हायला लागली. आधी वाटलं थंडीने असेल. मग ती हळूहळू वर चढली, गळ्याच्या हाडाकडे. डाव्या कुशीवर झोपता येईना. शाळेत नकाशांच्या गुंडाळ्या ती वर्षानुवर्षं डाव्या काखेत दाबून वर्गात न्यायची. आता त्या उजवीकडे आल्या. मालिश ती नेमाने करत होती. मऊ काही झालं नाही. आणि तक्रार कुणाकडे करणार? हट्ट तिचा होता. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नसतं, पण बघितलं असतं. त्या बघण्याला सामोरं जायची तिची तयारी नव्हती. साडीत, ड्रेसमध्ये बाहेरून काही कळत नव्हतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "छान आहे. मजेत आहे."

पाचव्या वर्षी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, गुजरातीत छापलेला एक फॉर्म घेऊन बसलेली. कपड्यांत तुम्ही कशा दिसता याबद्दल समाधानी आहात का? आरशात बघताना? झोपताना त्रास होतो का? दुसऱ्या बाईला हे ऑपरेशन सुचवाल का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. शेजारच्या खुर्चीत ते वयस्कर सर्जन बसून कुणाचा तरी एक्स-रे उजेडावर धरून बघत होते. त्यांच्यासमोर त्यांच्या कामाला नावं ठेवायची हे निरुपमाला जमलं नाही. मुलगीसुद्धा इतक्या आशेने बघत होती. निरुपमाने सगळीकडे शेवटच्या चौकोनात खूण केली. झोपेच्या प्रश्नापाशी पेन जरा थांबलं, पण एकच खूण वेगळी केली तर ती मुलगी विचारत बसेल, म्हणून तिथंही तेच. पुढच्या वर्षी सर्जन निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले.

अशीच आणखी सात वर्षं गेली. मैथिली इंजिनियर झाली, तिचं कुणालशी लग्न झालं, दोघांनी छाणीला फ्लॅट घेतला. सासूबाई गेल्या. सलील निवृत्त झाला. आणि एका मार्चमध्ये, निरुपमा दहावीच्या पेपर तपासणीला बसली असताना, मैथिलीचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस. मला उजवीकडे काहीतरी लागतंय हाताला."

ती तिसाव्या वर्षात होती.

तपासण्यांमध्ये तीन आठवडे गेले. गाठी दोन होत्या, वेगवेगळ्या जागी, म्हणून नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. पूर्ण स्तन काढावा लागणार होता. पण सापडलं लवकर होतं. डॉक्टरांनी तिला प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. डॉ. पीयूष पस्तिशीचे, शांत माणूस, गुजरातीत सावकाश बोलणारे. त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बसवता येईल, ते म्हणाले. मैथिली, कुणाल, निरुपमा, सलील, चौघं त्यांच्यासमोर बसले होते.

"पुढे दहा-पंधरा वर्षांनी काय होतं?" कुणालने विचारलं.

"बऱ्याच बायका समाधानी असतात," डॉ. पीयूष म्हणाले. "काहींना परत ऑपरेशन लागतं. शेक लागला तर त्रासाची शक्यता बरीच वाढते. आणि शेक लागेल की नाही, ते काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलाय का, त्याचा रिपोर्ट आल्यावर कळेल. तो ऑपरेशननंतरच येतो."

मैथिली हसली. त्या तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसली असेल. "मला काही वाचायची गरज नाही, डॉक्टर. माझ्या आईचं झालेलं आहे. शेकसुद्धा झालाय तिला. बारा वर्षं झाली. आईचं छान झालंय."

डॉ. पीयूष निरुपमाकडे वळले. "एम के? असं का? सरस, छान. काही त्रास नाही ना, बेन?"

निरुपमाने मान हलवली. ती 'नाही'ची मान होती की नुसतीच, ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. सलीलने समाधानाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. कागदांवर सह्या झाल्या.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. मधल्या दिवसांत निरुपमाने पाच-सहा वेळा बोलायचं ठरवलं. फोन उचलला की मैथिली काहीतरी सांगत सुटायची: ऑफिसची रजा, कुणालची आई येणार आहे, नर्स बोलायला चांगली आहे. तिच्या आवाजात एक धीर होता आणि तो धीर कशावर उभा आहे हे निरुपमाला ठाऊक होतं. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं आणि पोरीच्या वाट्याला हेच आलं, तर ती एक दिवस विचारेल, तुला माहीत होतं ना? दोन्ही विचार घेऊन ती पेपर तपासत बसायची आणि एकाच उत्तराला दोनदा गुण द्यायची.

मंगळवारी दुपारी मैथिली बॅग भरायला माहेरी आली. कुणाल रक्तपेढीत गेला होता, सलील बाजारात. पुढून उघडणारे दोन गाऊन निरुपमाने कपाटातून काढून ठेवले होते, स्वतःचेच जुने, बारा वर्षांपूर्वीचे.

"हे बरे आहेत गं," मैथिली म्हणाली. "तू जपून ठेवलेस?"

निरुपमाने खोलीचं दार लोटलं.

"मैथिली, बस जरा. तुला एक दाखवायचंय."

तिनं पदर काढला, ब्लाउजची बटणं सोडली. मैथिली आधी हसत होती, मग हसायची थांबली. उजवी बाजू पंचावन्न वर्षांच्या बाईची असते तशी उतरलेली होती. डावी मात्र गळ्याच्या हाडाखाली गोल, ताठ, एका बाजूला कललेली, तिच्यावरची कातडी तपकिरी, ताणून चकचकीत झालेली. आत काहीतरी दुमडल्याची एक रेघ वरून दिसत होती.

"हात लाव."

मैथिलीने बोटं टेकवली आणि लगेच मागे घेतली. मग पुन्हा टेकवली.

"गार आहे," ती म्हणाली. "आई, हे... हे दाबलंसुद्धा जात नाही."

"हो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून."

मैथिली हिशेब करत होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे माझ्या लग्नात पण होतं? मी निघताना तुला घट्ट धरलं होतं, सोडतच नव्हते."

"दुखत होतं. पण तू सोडू नयेस असंही वाटत होतं."

बाहेर भाजीची लारी ढकलत आलेल्या माणसाने हाक दिली. मैथिली पलंगाच्या कडेवर बसून राहिली. निरुपमाने बटणं लावायला घेतली; वरचं बटण काही केल्या लागेना.

"आणि तू मला आज सांगतेस," मैथिली म्हणाली. "परवा ऑपरेशन आहे."

"तुझं असं होईलच असं नाही गं. ते म्हणाले ना, शेक लागला नाही तर..."

"मग दाखवलंस कशाला?"

"तू माझ्याकडे बघून ठरवलंस म्हणून."

"मग मी आता कुणाकडे बघू?"

मैथिलीने गाऊन उचलले, बॅगेत कोंबले, आणि कुणालची वाट न बघता रिक्षा करून निघून गेली.

बुधवारी सकाळी कुणालचा फोन आला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "आई, तुम्ही काही बोललात का तिच्याशी? तिनं डॉक्टरांना कळवलंय, इम्प्लांट नको म्हणून. नुसतं काढा म्हणते. माझं काही म्हणणं नाही, तिचं शरीर आहे. पण कालपासून तिनं काही खाल्लं नाहीये."

निरुपमा साडी बदलून तशीच डॉ. पीयूष यांच्या ओपीडीत गेली. अडीच तास बसल्यावर नंबर आला. तिनं सगळं सांगितलं, त्या मान हलवण्यासकट. त्यांनी तिला पडद्यामागे तपासलं, बराच वेळ, हलक्या हाताने. मग हात धुऊन समोर येऊन बसले.

"तुमचं आतलं इम्प्लांट बहुतेक फाटलंय, बेन. एमआरआय केला की कळेल. काढता येईल, पण शेकमुळे कातडी फार पातळ झालीये. जखम भरायला त्रास होऊ शकतो. ठेवलं तर दुखत राहील."

"माझं राहू द्या. तिचं बोला. तुम्ही तिला समजवा."

"काय समजवू?"

खरंच, काय समजवणार होते ते?

"गाठींचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि शेक लागला नाही, तर बहुतेक तिचं चांगलं होईल," डॉ. पीयूष म्हणाले. "शेक लागला तर तुमच्यासारखं होऊ शकतं. होईलच असं नाही. पण ठरवायचं आज आहे आणि रिपोर्ट येणार बारा दिवसांनी. मी तिच्याशी फोनवर बोललो सकाळी. हे सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, मी हात लावून बघितलंय."

"मग तुम्हीच ठरवा ना. तुम्ही रोज बघता."

"मी कसं ठरवू, बेन?"

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. बाहेर अजून चौदा-पंधरा बायका बसल्या होत्या. निरुपमा उठली.

गुरुवारी ऑपरेशन झालं, इम्प्लांटशिवाय. मैथिलीने आत जाताना कुणालचा हात धरला, वडिलांकडे बघून हसली आणि आईला म्हणाली, "घरी जाऊन जेवून ये, उगीच बसू नकोस." निरुपमा बसून राहिली. सलील तिच्याशेजारी होता. त्याला आता सगळं कळलं होतं.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"काय सांगणार होते?"

"मी तुझ्या डाव्या बाजूला येतच नव्हतो इतकी वर्षं. मला वाटायचं तुला दुखेल."

"मला वाटायचं तुम्हाला किळस येते."

तेवढ्यात आतून कुणीतरी 'मैथिलीबेनचे नातेवाईक' अशी हाक मारली आणि दोघंही उठले.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या. खबरदारी म्हणून केमोचे चार डोस, शेकाची गरज नाही. कुणाल येताना पेढे घेऊन आला, लिफ्टमधल्या माणसालाही त्यानं दिले. सलीलने देवापुढे दिवा लावला. निरुपमाचे डोळे भरून आले. तो आनंद खरा होता, त्यात कसलाही किंतु नव्हता. पोर वाचली होती. ती चहा टाकायला आत गेली आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी तिथंच उभी होती.

मैथिली मागून आली. ड्रेनची नळी निघाली होती, पण उजवा हात अजून वर होत नव्हता. तिनं डाव्या हातानं गॅस बंद केला.

"आई, म्हणजे माझं टिकलं असतं ना?"

"काय गं?"

"शेक नाही म्हणजे कडक नसतं झालं. बहुतेक."

"कोण जाणे, बाळा."

"डॉक्टर आज तेच म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. नंतरही बसवता येतं म्हणे. आधी एक फुगा घालायचा, तो महिनोन्महिने फुगवत न्यायचा, मग परत ऑपरेशन." ती ओट्याला टेकली. "मला आता सुरी नको, आई. सुई बघितली तरी मळमळतं."

"तू माझ्यावर रागावली आहेस."

मैथिलीने विचार केला. खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. "कधी कधी. तू दाखवलंस म्हणून रागावते. मग आठवतं की तू नसतं दाखवलंस आणि शेक लागला असता, तर त्याहून जास्त रागावले असते. मग कशावर रागावायचं तेच कळत नाही."

निरुपमाने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मैथिली आली, पण अंग चोरून, आईच्या डाव्या बाजूला धक्का लागू नये म्हणून. आणि तिच्या स्वतःच्या उजव्या बाजूची जखम अजून ओली होती. दोघींना नीट जवळ येताच येईना. मग त्या तशाच, हाताला हात धरून उभ्या राहिल्या.

केमोचे दिवस आले आणि गेले. केस गेले, परत बारीक कुरळे आले. मैथिली ऑफिसला जायला लागली. तिनं आणलेलं सिलिकॉनचं पॅड आईच्या कापसाच्या पॅडपेक्षा कितीतरी चांगलं होतं, तरी ॲक्टिव्हावरून खड्ड्यात आदळलं की ते सरकायचं आणि ती सिग्नलला ओढणीआड हात घालून सारखं करायची. कुणाल म्हणायचा, मला काही फरक पडत नाही. मैथिलीने एकदा आईला सांगितलं, "तो चांगला आहे गं. पण तो हे म्हणाला की मी त्या दिवशी आरशासमोरचा दिवाच लावत नाही." निरुपमाला सलीलचा तो जुना 'चालतेस' आठवला, पण तिनं तो सांगितला नाही.

निरुपमाचा एमआरआय झाला. आतलं फाटलेलंच होतं. काढायची तारीख मिळाली, ती मैथिलीच्या तिसऱ्या डोसाच्या आठवड्यात आली, म्हणून तिनं पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. डॉ. पीयूष म्हणाले, "तुम्ही म्हणाल तेव्हा, पण फार थांबू नका." सलील आता रात्री विचारायचा, उशी देऊ का, कुठल्या बाजूला ठेवू. तिला ते आवडायचं आणि दुखायचं तसंच राहायचं.

सप्टेंबर उजाडला. बडोद्यात सगळीकडे गरब्याच्या पासची बोलणी सुरू झाली. मैथिली सातवीपासून दरवर्षी नऊही दिवस खेळलेली मुलगी. या वर्षी तिनं नाव काढलं नाही, तेव्हा निरुपमाही बोलली नाही. मग एका शनिवारी सकाळी तिनंच फोन केला. "ऑफिसच्या मुली मागे लागल्यात. एक दिवस तरी जाईन म्हणते. तू येतेस का हंसाबेनकडे? जुनी चोळी होत नाही."

हंसाबेन मैथिलीची लग्नाआधीपासूनची शिंपीण. दुकानात चणिया-चोळ्यांचे ढीग लागले होते, आरसे लावलेली कापडं जमिनीपर्यंत लोंबत होती. त्यांना काही माहीत नव्हतं. "घणा दिवसे आवी, बेटा! केस कापलेस? छान दिसतात," असं मोडक्यातोडक्या मराठीत म्हणत त्यांनी टेप गळ्यातून काढली. "यंदा पण मागे दोऱ्याचीच ना? पाठ पूर्ण उघडी?"

मैथिलीने पडदा ओढून घेतला आणि कुडता वर केला. आत ती पॅडची ब्रा होती. ती तिनं काढली. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, कदाचित एकदाचं सांगून टाकावं असं असेल. हंसाबेनची टेप अर्ध्यातच थांबली. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि हळूच विचारलं, "या बाजूला आतून कप शिवून देऊ, बेटा? पण दोऱ्याच्या चोळीत तो उभा राहणार नाही. पाठ झाकावी लागेल."

मैथिलीने आईकडे बघितलं. "काय करू, आई?"

निरुपमाने तोंड उघडलं. कप शिव म्हणावं, की पाठ झाक म्हणावं, की जाऊच नकोस, की आहेस तशीच जा. यातलं कुठलंही म्हटलं तरी पोर ते ऐकेल, आणि मग ते घालून हजारो माणसांत एकटी फिरेल. "मला नाही सांगता येत गं," ती म्हणाली. "खरंच नाही सांगता येत."

मैथिलीने मान डोलावली. तिनं दोन्ही हात बाजूला उचलले, उजवा जेवढा जात होता तेवढा. "माप तर घ्या," ती हंसाबेनना म्हणाली. "कसं शिवायचं ते मग सांगते."

हंसाबेनने टेप पाठीमागून फिरवली. मैथिलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वर असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. हंसाबेनने न बघितल्यासारखं करून आकडे वहीत लिहिले. निरुपमा मुलीची ओढणी आणि पर्स धरून पडद्याशी उभी होती.